जुन्या दारावरची पाटी

कुणाचं दुकान हललं आणि नवी पाटी रंगवायची असली, की पेंटरमामांची एक अट असायची. आधी जुन्या जागेवर बाण काढलेली पाटी लागली पाहिजे. तिथं आलेला नवा माणूस कुरकुरला, तर मामा स्वतः शिडी घेऊन त्याची समजूत घालायला जात. म्हणत, "दुकान हलू दे की. गिऱ्हाईक परत जायला नगं."

आमच्या गल्लीत चपलांचं काम चालतं. मी घरी बसून चपलेवरच्या चामड्याच्या वेण्या घालते. चौथीत शाळा सुटली, आणि चार माणसांत तोंड उघडायचं धाडस कधीच नव्हतं. बाजारात बसून गिऱ्हाईक बोलावणं मला जमलं नसतं.

डिजिटल बोर्ड आले आणि मामांचा ब्रश वाळला. मग उतारवयात ते मुलीकडून, सुनीताकडून, कॉम्प्युटर शिकले आणि गल्लीची वेबसाईट केली. आधी गल्लीचं पान, त्यावर कोण काय करतं ते, मग एकेकाचं घर. "आत शिरलेल्याला उंबऱ्यातच कळाय पायजे, कुठं जायचं," म्हणायचे. मी चेहऱ्याचा फोटो नको म्हटलं, तर त्यांनी वेणी घालणाऱ्या हातांचा काढला. त्या पानाच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या मी चपलेच्या प्रत्येक डब्यात घालू लागले. माझं बोलायचं काम चिठ्ठीनं उचललं.

पुढे मामांनी नवा प्रोग्राम आणला. तो साऱ्या गल्लीची पानं एकदम बनवायचा, आणि पत्ता कसा दिसावा हे आपण ठरवायचं. पत्त्याच्या शेवटचं 'डॉट एचटीएमएल', म्हणजे 'हे वेबसाईटचं पान आहे' एवढंच सांगणारं शेपूट, मामांना मुळीच आवडत नसे. "पाटीवर कुणी 'पाटी' असं लिवतंय व्हय?" म्हणत त्यांनी सगळ्यांचं शेपूट कापलं. पत्ते सुरेख दिसायला लागले.

थोड्याच दिवसांत नागपूरच्या एका बाईंचा फोन आला. चिठ्ठीवरचा पत्ता टाकला तर पान सापडत नाही, दुकान बंद केलं का, असं विचारत होत्या. घरोघर गेलेल्या सगळ्या चिठ्ठ्या डोळ्यांसमोर आल्या. फोन तसाच धरून मी मामांकडे गेले.

मामांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "जुन्या दारावर पाटी लावायला मीच इसरलो की गं."

मग समोरच्या चहाला हात न लावता त्यांनी प्रत्येक जुन्या पत्त्यावर, शेपटासकट, एक छोटं पान ठेवलं. त्यात काही नव्हतं. आलेल्या माणसाला ते नव्या पत्त्यावर नेऊन सोडायचं. त्यांनीच बाईंना परत फोन लावला, आणि जरा वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "उघडलं बघ. तुझं हात दिसाय लागलं त्यास्नी."

मामा गेले आणि हे सगळं सुनीताकडे आलं. तिनं रंग, मांडणी, सगळंच बदलायला काढलंय असं कळलं, तेव्हा मला घोर लागला. एक जुनी चिठ्ठी घेऊन गेले, पण विचारवेना. नुसती पुढे केली. तिनं शेपटासकट पत्ता टाकला. क्षणभर कोरं पान आलं, मग माझे हात.

"बाबांनी सांगून ठेवलंय, मावशी," ती म्हणाली. "सगळं बदल, पण जुन्या दारावरच्या पाट्या काढायच्या न्हाईत."

चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधून मी घरी आले आणि अर्धी राहिलेली वेणी हातात घेतली.