अंगणातला नळ आणि मामांचा पाना

आमच्या मामेसासऱ्यांच्या हातात पाना आला की घरातल्या वस्तू आपापली कामं बदलून घेतात. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू बंद पडत नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन; फक्त ती पहिल्यासारखी चालत नाही. त्यांच्या हाताखालून गेल्यापासून आमचा मिक्सर एकवर ठेवला की उधळतो आणि तीनवर ठेवला की विचारात पडतो. हॉलमधला पंखा लावला की दारावरची बेल वाजते. सुरुवातीला आम्ही दर वेळी दार उघडायला धावायचो. आता कुणी धावत नाही, त्यामुळे खरंच आलेल्या माणसाला कडी वाजवावी लागते. हे मामांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणतात, "बेल वाजती ना? पंखा फिरतो ना? मग?"

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, राहणार मोडनिंब. एसटीने यायचे ते एका खांद्याला कपड्यांची लहान पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला हत्यारांची मोठी पिशवी घेऊन. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी पहिला प्रश्न, "काय बिघडलंय?" काही नाही म्हटलं तर चेहरा असा पडायचा की मी लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण तरी पुढे करायचे. दुरुस्तीआधी वस्तूची चौकशी वैद्याच्या थाटात व्हायची. त्रास कधीपासून आहे, सकाळी जास्त का संध्याकाळी, आधी कुणी हात लावला होता का. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'हो' आलं की ते नुसते मान हलवायचे, म्हणजे केस हाताबाहेर गेली, तरी बघतो. नवीन वस्तू आणण्याला त्यांचा सक्त विरोध. "नळवाला आला की नळच बदला म्हनतो. मानसाचा गुडघा दुखला तर मानूस बदलता का?" त्यांचा मुलगा पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो आणि वडिलांनी कायमचं यावं म्हणून मागे लागलेला असतो. पण तिथे साधा बल्ब गेला तरी सोसायटीचा माणूस येतो. मामा गेले की आठवड्याच्या आत परत. "तितं हाताला कामच न्हाय," म्हणायचे. "नुसतं बसून चा पियाचा. त्यो बी मशीनचा."

गेल्या उन्हाळ्यात आमचा अंगणातला नळ त्यांच्या तावडीत सापडला. आमच्याकडे सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि किती वाजता येईल हे फक्त त्याचं त्यालाच माहीत. हा नळ थेट मेन लाइनवर आहे, त्यालाच पाइप लावून टाकी भरायची. पाणी आलं की नळ घट्ट बंद असला तरी खालच्या बादलीत टप टप सुरू. वर्षभर मी त्या गळतीवर कुरकुरत होते. नवरा नळवाल्याशी फोनवर बोलत होता, तेवढ्यात मामा उतरले. फोनवर काय बोलणं चाललंय ते त्यांनी ऐकलं आणि हत्यारांची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाले, "मी दुरुस्त करतो. आन ह्या बारीला जर का गळला, तर ही पिशवी हितंच टाकतो आन पोराकडं जाऊन बसतो. त्यो तरी किती दिस बोलावनार?" म्हणाले हसत हसत, पण पिशवीवरचा हात काही निघाला नाही.

दुपारभर काम चाललं. आतला रबरी वायसर झिजला होता. बाजारात तो चहाच्या पैशात मिळतो, पण बाजारातला वायसर म्हणजे मामांचा अपमान. त्यांनी दाराशी पडलेली चप्पल उचलली, टाचेतून गोल तुकडा कापला आणि वायसर तयार केला. चप्पल माझ्या नवऱ्याची होती आणि तशी बरीच नवी होती. ओल्या फरशीवर ती अजून प्रत्येक पावलाला काहीतरी बोलते.

पण नळाला पाणीच नाही, तर दुरुस्ती झाली का नाही कळणार कसं? म्हणून मामा मुक्कामाला राहिले. पाणी यायच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "वायसर बसतोय. कुनी नळाला हात लावायचा न्हाय." सकाळपासून ते बैठकीत दाराकडे कान लावून बसले. एक थेंब वाजला तरी पिशवी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. मी ऑफिसला सुट्टी टाकली होती. पंखाही लावला नाही, बेल नको म्हणून. जेवणं झाली, चहा झाला. बाहेर चिडीचूप. मला वाटलं, आज उशीर दिसतोय.

संध्याकाळी शेजारच्या पद्मावहिनी भिंतीवरून डोकावल्या. "वहिनी, टाकी भरली की न्हाई? आज लई जोरात होतं की पाणी. दुपारीच गेलं."

मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. त्यांच्या आयुष्यातली पहिली संपूर्ण यशस्वी दुरुस्ती होती ती. नळ एक थेंबही गळला नव्हता, आणि गळला नाही म्हणून पाणी आल्याचं आम्हाला कळलं नव्हतं. वर्षभर ज्याला मी नावं ठेवत होते ती गळतीच आमची घंटा होती.

मामा उठले आणि पिशवी आवरायला लागले. "चुकलंच सूनबाई. पान्याविना ठिवलं तुमाला."

"पिशवी ठेवा खाली," मी म्हटलं. "नळ गळला तर जाणार होतात ना? गळला नाही. आता जरासा गळता करून द्या."

"थोडा उघडा ठेवला तरी चालेल की," नवरा म्हणाला.

"उघडा ठिवायचं मानूस इसरतं," मामा म्हणाले. "गळनारा नळ इसरत न्हाय." डोळ्यांत चमक परत आली होती. "किती गळू दिऊ?"

त्या रात्रीपुरतं पाणी पद्मावहिनींनी भिंतीवरून पाइप टाकून दिलं. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा मामा नळाशी उकिडवे बसले आणि मागच्या जोडाचं नट त्यांनी सूतभर ढिलं केलं. थेंब बादलीत पडायला लागला. स्वयंपाकघरातून मी ओरडून सांगायचे, "ऐकू येत नाही," आणि ते आणखी केसभर फिरवायचे. इतकी अचूक गळती सबंध सोलापुरात कुणाकडे नसेल.

दिवाळीनंतर गुडघ्यांनी ऐकलं नाही, आणि मामा पुण्याला गेलेच. जाताना पिशवी घेऊन गेले, पण मोठा पाना आमच्या नळाशेजारच्या खिळ्याला अडकवून गेले. पाणी यायच्या दिवशी फोन येतो, "आज पानी हाय ना?" मी फोन बादलीजवळ धरते. ते थोडा वेळ ऐकतात.

परवा म्हणाले, "जरा जास्तच पडतंय गं. नट पाव आटा आवळ."

"तुम्हीच या आणि आवळा."

"बघू की. गुडघं काय म्हनत्यात बघू."

पाना खिळ्यालाच आहे. आवळायला मला दोन मिनिटंही लागणार नाहीत. बादली तेवढी मोठी ठेवली आहे.