खांबाभोवतीचं पातं

खापर गावच्या बाजारात बैलांचे गळपट्टे शिवणारा एक मिस्तरी बोलताना सारखा अंगठ्यानं पात्याची धार चाचपायचा. आमच्या अक्कलकुव्याच्या कचेरीत लिनोलियमची, म्हणजे जमिनीवर पसरायच्या जाड विलायती मेणकापडाची, एकच गुंडाळी आली, तेव्हा ती अंथरायला त्यालाच बोलावलं. दालनात चार गोल खांब होते. एक काप चुकला की सगळंच वाया.

त्यानं तीन हत्यारं काढली आणि एका तुकड्यावर आळीपाळीनं ओढून पाहिली. सरळ सुरी खालच्या फरशीवर घासून लगेच बोथट झाली. चामडं कापायची रापी वळणावर अडली. तिसरं पातं त्यानं आदल्या दिवशी स्वतः तापवून पोपटाच्या चोचीसारखं वाकवलं होतं. ते पातं मेणकापडाला खालून उचलत सरसर गेलं.

"दखा, दखा!" तो ओरडला. "हाई फरशीले लागतच नही!"

आम्ही चौघे कारकून टेबलं सोडून धावलो. त्यानं खांबाभोवती पातं फिरवलं. कापलेला तुकडा गळून पडला आणि लिनोलियम खांबाला असं चिकटून बसलं की मध्ये नखही शिरेना.

तेवढ्यात साहेब चिखलाच्या बुटांनी दारात आले. त्यांच्यापुढे आम्ही कधी मान वर करत नव्हतो. मिस्तरीनं हात आडवा धरला.

"साहेब, बूट बाहेर काढा. आते तठे मन्हा जीव आंथरेल शे."

साहेब उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.