इल्दा थेट विचारायची

उरुग्वेतल्या आमच्या ओलिमार नदीकाठच्या गावात निम्मे लोक इल्दाला टरकून असत. सरकारी इस्पितळात ती माझी वरिष्ठ नर्स. आवाज भसाडा, चाल तरातरा, आणि एकदा मनात घेतलं की डॉक्टरांनाही आवरायची नाही.

ओस्मार तेचेराला त्याची बहीण नेली घेऊन आली, तेव्हा मेंढ्या कातरायचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ओस्मारचा जन्म त्याच कामात गेलेला. पण पाठ कामातून गेल्यापासून घरीच बसून होता, आणि बायको वारल्यापासून एकटाच. हाताला मोठी जखम झाली होती.

"कात्री लागली," तो म्हणाला.

नेली रडायलाच लागली. "वर्षभरात कात्रीला शिवला नाहीये हा!"

टाके घालून झाले. डॉक्टर मार्तीन त्याला घरी सोडायच्या तयारीत होता. खाटा मोजक्या, बाहेर ही रांग. त्याचाही इलाज नव्हता. इल्दाने खुर्ची ओढली आणि ओस्मारसमोर बसली.

"ओस्मार, जीव द्यायचा होता का तुम्हाला?"

मार्तीनने तिला बाजूला घेतलं. "अहो ताई, असं विचारून नसतं खूळ घालता का त्याच्या डोक्यात?"

"खूळ आधीच आहे. त्याच्याशी तो एकटा झुंजतोय. ते थांबवायचंय मला."

मागे असंच हातावर पट्टी बांधून आम्ही एका शिक्षिकेला घरी पाठवलं होतं. महिना व्हायच्या आत तिला पुरलं. पट्टी इल्दाने बांधली होती. तेव्हापासून ती प्रत्येकाला विचारायची.

ओस्मारने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "हो. अजूनही वाटतंय."

"बरं झालं सांगितलंत. मग आज घरी जायचं नाही."

प्लास्टरच्या खोलीतलं सामान हलवून आम्ही तिथे खाट घातली. खाटेचं एक टोक मार्तीननेच उचललं. मानसोपचाराचे डॉक्टर शेजारच्या शहरातून आले, औषधं सुरू झाली. घरातल्या धोक्याच्या वस्तू नेली आपल्याकडे घेऊन गेली.

पुढे त्याला घरी सोडलं, पण इल्दाने सोडलं नाही. दर गुरुवारी स्कूटरवरून, बगलेत गरम पाण्याचा थर्मास अडकवून ती त्याच्याकडे माते, म्हणजे नळीने ओढायचा आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला जाई. कधी मीही बरोबर असे. एकदा त्याने दारच उघडलं नाही.

"जा इथून! मी काय तमाशा आहे?"

इल्दा पायरीवर बसली, पेल्यात पाणी ओतलं, नळी तोंडात धरली. बराच वेळ गेला. आतून आवाज आला, "तुम्हाला घरदार नाही का हो बाई?"

"आहे की. पण नवरा फार बोलतो."

दार उघडलं. "आणि हा माते? नुसतं पाणी आहे हे!" ओस्मार खेकसला. पण प्यायला.

हिवाळ्यात त्याच्या बायकोच्या मृत्यूचा वर्षदिन आला. त्या दुपारी ओस्मार एका दूधगाडीत बसून इस्पितळात आला. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"आज घरी एकटं राहायची भीती वाटतेय," तो म्हणाला.

इल्दा त्याला आत घेऊन गेली. नंतर कपड्यांच्या कोठीत जाऊन हुंदके देत रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं. "आधी आला गं," म्हणाली, "करायच्या आधी आला."

सगळेच असे आले नाहीत. आम्ही विचारूनही, घरी जाऊनही दोघं गेली. त्यांच्या अंत्ययात्रेला इल्दा गेली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. संचालकांच्या खोलीबाहेर ठाण मांडून तिने दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: अशा माणसाशी बोलल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, आणि सोडल्यावर कुणीतरी घरी जायचंच.

ओस्मार आता शेतकी शाळेतल्या पोरांना कात्रीला धार लावायला शिकवतो, शिव्या देत. वाईट दिवस अजून येतात. मग तो आमच्याकडे येतो. इल्दा निवृत्त झाली. गुरुवारचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या खेपेला एका बेकरीवाल्याने मला फाटकातूनच हाकललं. उद्या परत जाणार आहे.