वाटून घेतलेले टायर

ती केस विसरावी असं मला अनेकदा वाटलं. अजून जमलेलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावाजवळच्या एका लहान पोलीस खात्यात मी काही वर्षं काढली. आता ती नोकरी सोडली आहे. मी मुळात अबोल, पण जबाब घेताना त्याचा उपयोग व्हायचा.

बर्फ पडत असताना उतारावरच्या वळणावर एक गाडी गर्रकन फिरून झाडावर आदळली. शेजारी बसलेला मराठी विद्यार्थी जागीच गेला. गाडी चालवणारा त्याचा रूममेट हॉस्पिटलमध्ये होता. "हरीण आडवं आलं," एवढंच तो सांगत होता. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र हरीण दिसलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, टायर बघ त्या गाडीचे. पोरांनी पार्किंगमध्येच बसवले. मी म्हटलं, गॅरेजला जा. तर म्हणे, काकू, व्हिडिओ बघितलाय ना!"

मी यार्डात जाऊन जप्त केलेली गाडी पाहिली. पुढे बर्फासाठीचे विंटर टायर, मागे साधे आणि झिजलेले. अशा गाडीची पुढची चाकं बर्फावर पकड घेतात, मागची सुटतात.

हॉस्पिटलमध्ये जाऊन मी पुन्हा जबाब घेतला. वकील हवा का, विचारलं. नको म्हणाला.

"हरीण नव्हतं ना?"

"नव्हतं, ताई. ब्रेक मारला आणि गाडी मागून वळलीच."

"विंटर टायर दोनच का?"

"सीनियर जाताना चार देऊन गेला, रिमसकट. आम्हा तिघांत दोन गाड्या, सेम मॉडेल. भांडण नको म्हणून त्याने, जो गेला त्यानेच, दोन-दोन वाटून दिले. त्याची स्वतःची गाडी नव्हती ना. मी मेकॅनिकलचा, तरी हो म्हटलं, यार." तो रडू लागला. "त्याच्या आईला नका सांगू."

माझं पेन थांबलं. "दुसरी गाडी कुठे आहे?"

"एअरपोर्टला. त्याचे आईबाबा आलेत. आमचा तिसरा रूममेट आणायला गेलाय."

बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता. तिसरा मुलगा फोन उचलत नव्हता. मी गाडीचा नंबर वायरलेसवर दिला. डोंगराचा उतार लागण्याआधी हायवे पोलिसांनी ती अडवली.

मी पोचले तेव्हा आई मागच्या सीटवर पर्स घट्ट धरून बसली होती. वडील खाली उतरले. मी टायरचं सांगितलं. त्यांनी वाकून पुढचं चाक पाहिलं, मग मागचं.

"त्याही गाडीला असेच होते?"

"हो, काका."

"ही कल्पना कुणाची?"

"तिघांनी मिळून बसवले."

ते स्टिअरिंगवर बसलेल्या तिसऱ्या मुलाकडे वळून म्हणाले, "या पोराला आता चालवू देऊ नका. तुमच्या गाडीत आमच्याबरोबर बसू दे त्याला."

खोटं बोलणारा दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो, हे मी या केसमध्ये शिकले. त्या मुलाने गेलेल्या मित्राची चूक झाकली, आणि त्याच मित्राचे आईवडील तशाच गाडीत बसून बर्फातून येत होते.