रेघेखालची मावशी

बाजारामागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणारा आणि ड्रायक्लीनर यांच्या मधे अंग चोरून उभं असलेलं एक दुकान आहे. नवे कपडे तिथे शिवून मिळत नाहीत. तिथे लांब पँट आखूड होते, घट्ट झालेला कोट सैल होतो, उसवलेली शिवण पुन्हा धरली जाते. दुकान चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणते. खरं तर ती सख्खी मावशी एकाच मुलीची. पण ती भाची लहानपणी दिवसभर दुकानातच असायची, "मावशी, मावशी" करत मागेमागे फिरायची, आणि तिचं ऐकून ऐकून गिऱ्हाइकांच्याही तोंडात तेच बसलं.

मावशी उंचीला फार कमी. उंच गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याच्या कंबरेला टाचणी लावायला तिला वाकावं लागायचं नाही. "मला या धंद्याच्याच मापाने कापलंय," असं ती स्वतःच म्हणायची, म्हणजे दुसऱ्याला म्हणायची सोय उरायची नाही. कापड कापायच्या टेबलाचे पाय तिने सुताराकडून छाटून घेतले होते. बाकीचं जग मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर बेतलेलं होतं: बँकेचं काउंटर, दाराची वरची कडी, दुकानातली शेवटची फळी. त्याचं वाईट वाटून घ्यायचंसुद्धा ती केव्हाच विसरून गेली होती.

भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, भाची नीट बोलू लागायच्या आधीच गेली. मावशीने पोर पदरात घेतली आणि स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, जसं एखाद्या बाहीला बटण लावायचं राहून जावं. आता ती भाची दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची, तिचा नवरा जहाजावर होता, वर्षातून एकदा घरी यायचा. त्यामुळे घरात तिघीच. तिसरी म्हणजे भाचीची दहा वर्षांची मुलगी. केस कधीच जागेवर राहायचे नाहीत म्हणून तिला सगळे झिपरी म्हणायचे. मावशीला ती मावशीआजी म्हणायची.

रोज सकाळी भाची दोघींना गाडीतून सोडायची, आधी झिपरीला शाळेत, मग मावशीला दुकानात. गाडी जुनी, मागची सीट पार बसकी. मावशी त्यात बसली की बुडायचीच. खिडकीतून तिला रस्ता दिसायचा नाही, माणसं दिसायची नाहीत. दिसायचे ते वरचे मजले, तारा, गच्चीवर वाळणारे कपडे, पाण्याच्या टाक्यांमागून सरकणारे ढग. वर्षानुवर्षं ती या अर्ध्या शहरातून प्रवास करत आली होती, आणि हळूहळू ते तिचंच शहर झालं होतं. तिथे एक म्हातारा कायम निळ्या खिडकीत उभा असायचा. एका गच्चीवर कुणीतरी एकच लाल खुर्ची ठेवलेली होती, तिच्यावर कधी कुणी बसलेलं दिसलं नाही. गाडी चालायला लागली की मावशीला वाटायचं, गाडी उभीच आहे आणि हे सगळं आभाळ कुणीतरी कापडासारखं हळूहळू ओढून घेतंय.

सीटचा पट्टा मात्र तिला छळायचा. तो खांद्यावरून जायच्या ऐवजी गळ्याला करवतायचा. मावशी गळ्याला रुमाल बांधायची. तरी काचला की पट्टा गुपचूप काखेखालून घ्यायची आणि वरून स्वेटर ओढायची. भाचीला आरशात नुसतं डोकं दिसायचं, तेही अर्धं.

मग तो नियम निघाला. ठराविक उंचीखालच्या मुलांनी गाडीत बूस्टर सीटवरच, म्हणजे सीटवर ठेवायच्या उंच बैठकीवरच, बसायचं, नाहीतर चालवणाऱ्याला दंड. शाळेने पालकांना बोलावून समजावून सांगितलं: पट्टे मोठ्यांच्या मापाचे असतात, म्हणून मूल उंच बसवायचं, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो, पोटावर न येता मांडीवर येतो. घरी आल्यावर भाचीने टेप घेतली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या उंचीला पेन्सिलीने रेघ मारली आणि झिपरीला उभं केलं. रेघ झिपरीच्या डोक्याच्या चांगलीच वर राहिली.

दुसऱ्या दिवशी करड्या रंगाची बूस्टर सीट घरी आली आणि झिपरीने आकाशपाताळ एक केलं.

"मी काय कुकुलं बाळ आहे? वर्गात सगळे हसतील!"

"हसू देत. हसून काही मोडत नाही," भाची म्हणाली.

"मी नाही बसणार. चालत जाईन."

"जा. परवापर्यंत पोचशील."

झिपरी पाय आपटत भिंतीकडे गेली, रेघेकडे रागाने बघत राहिली. तेवढ्यात मावशी चहाचा कप धुवायला तिच्या शेजारून गेली. झिपरीचे डोळे एकदम चमकले.

"आई! मावशीआजी पण रेघेखाली आहे!"

भाची चपापली. "अगं, नियम मुलांसाठी आहे."

"पण ती माझ्याएवढीच आहे! तिला का नाही?"

मावशी वळली. पाठ भिंतीला टेकवून नीट उभी राहिली, हनुवटी सरळ केली. झिपरीने स्टुलावर चढून पट्टी ठेवली. मावशी तिच्यापेक्षा चार बोटं उंच होती आणि रेघ मावशीच्याही वर होती. भाचीला वाटलं, मावशीच्या मनाला लागलं. पण मावशी भिंतीकडे असं बघत होती, जणू कुणी तिला फार जुन्या ओळखीचं काही दाखवलंय.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "आणखी एक आण."

"मावशी, चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? रोज गळा कापून घेतेय मी. ही बसेल तर मी बसेन. का गं झिपरे, ठरलं?"

झिपरीची पंचाईत झाली. भांडण जिंकता जिंकता ती अडकली होती. तिने नाइलाजाने मान हलवली.

भाचीने सीटच्या दुकानात जाऊन चौकशी केली. तिथल्या मुलीने सीटला लावलेली पट्टी वाचली, किती वजनापर्यंत चालते ते सांगितलं. मावशी मुळात चिमणीच्या अंगाची, तिचं वजन त्यात आरामात बसलं. "कितवीत आहे?" त्या मुलीने सहज विचारलं. भाचीला काय सांगावं कळेना. "शिकून झालंय तिचं," ती म्हणाली.

पहिल्या सकाळी मावशी सीटवर चढून बसली, पट्टा लावला. तो खांद्याच्या मधोमध आला, मापाने बेतल्यासारखा. आणि गाडी गल्लीबाहेर पडली तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं.

शहराला खालचा अर्धा भाग होता. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, त्याच रस्त्यांवरून ती पायीही चालली होती. पण पायी चालताना गर्दीत तिच्यापुढे कायम कुणाची तरी पाठ असायची. आता काचेपलीकडून सगळं न बोलता, न धक्का मारता सरकत होतं. दुकानांच्या काचा, फुलवाल्याच्या बादल्या, पायरीवर बसून बूट बांधणारी बाई. निळ्या खिडकीतल्या म्हाताऱ्याच्या घराला खाली हिरवं दार होतं, आणि दारात एक मांजर. सकाळचं ऊन रस्त्यावर तिरपं पसरलं होतं आणि माणसं त्यातून पाण्यातून चालावं तशी चालली होती.

मग तिला पँटी दिसल्या. सिग्नलला गाडी थांबली, समोरून लोक रस्ता ओलांडत होते, आणि त्यांच्या घोट्यांवर तिला आपले टाके दिसले. ती राखाडी पँट, दोनदा आखूड केलेली. तो तपकिरी कोट, ज्याचं अस्तर तिने बदललं होतं. एक शाळकरी मुलगा, त्याच्या थोरल्या भावाच्या पँटमध्ये, दुमड अजून दोन वर्षं सोडत न्यावी लागेल अशी. दुकानात तिने हे कपडे पाहिले होते ते निपचित, टेबलावर, टाचण्या टोचलेले. ते असे चालतात, घाईत असतात, कुणाला तरी भेटायला निघतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मावशीआजी, रडतेस?" झिपरीने हळूच विचारलं.

"नाही गं. मोजतेय."

"काय?"

"काही नाही. चुकले मोजताना."

शाळेच्या अलीकडच्या वळणावर झिपरी खाली सरकायला लागली, म्हणजे कुणाला दिसायला नको. मावशीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती आपली ताठ बसून बाहेर बघत होती, एखाद्या हत्तीवर बसल्यासारखी. फाटकात झिपरीच्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. "तुझ्या आजीला पण आहे?" एकीने विचारलं. तिच्या आवाजात हेवा होता. झिपरी पुन्हा कधी खाली सरकली नाही.

एकदा चौकात पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्या आठवड्यात तपासणी चालू होती. त्याने मागच्या काचेतून पाहिलं, दोन सीटा, दोन डोकी.

"मुली किती वर्षांच्या?"

"मी दहा," झिपरी म्हणाली. "ही एकसष्ट."

पोलीस खाली वाकला. मावशीने त्याला नमस्कार केला. त्याला हसू आवरेना. "अहो मावशी, नियम मुलांसाठी आहे. तुम्हाला लागू नाही."

"मला माहितेय ते," मावशी म्हणाली. "पण या पट्ट्याला कुठे माहितेय मी किती वर्षांची ते?"

पोलिसाचं हसू थोडं ओसरलं. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. "माझी आई तुमच्याएवढीच आहे," तो म्हणाला आणि हात दाखवून गाडी सोडून दिली.

थंडी सरत आली होती तेव्हा ते घडलं. पुलाच्या उतारावर पुढे सामान वाहणारा एक टेम्पो चालला होता. त्याची दोरी सुटली आणि वरची पांढरी गादी उडाली. मावशीने ती पाहिली. गादी हवेत उठली, वळली, उन्हात झळाळली, आणि इतक्या सावकाश खाली येऊ लागली की मावशीला वाटलं, हिला पकडायला पुष्कळ वेळ आहे. मग भाचीची किंकाळी, ब्रेकचा आवाज, आणि गाडी कठड्याला जाऊन धडकली.

पट्ट्याने मावशीला खांद्यापासून कंबरेपर्यंत एकदम घट्ट धरलं. कुणीतरी मागून मिठी मारून "थांब" म्हणावं तसं. मग सगळं शांत झालं. काचेवर गादीतला कापूस पिंजून पसरला होता, आणि त्यातून ऊन आत येत होतं. "झिपरे?" तिने हाक मारली. "आहे," झिपरी म्हणाली. "आई?" "आहे," पुढून आवाज आला.

गाडीचं तोंड चेपलं होतं. भाचीचं मनगट मुरगळलं, झिपरीला खरचटलंसुद्धा नाही. मावशीच्या खांद्यावरून तिरका निळा वळ उमटला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, बरगड्या दाबून पाहिल्या. "पट्टा जिथे असायला हवा तिथेच होता म्हणून एवढ्यावर भागलं," त्या म्हणाल्या. "काखेखालून असता तर या वयात बरगड्या गेल्या असत्या." मावशीने आपला रुमाल हातात घट्ट धरला होता.

बाहेर बाकावर बसल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, मी लहान असताना गाडीत कुठे बसायचे गं?"

"माझ्या मांडीवर. ड्रायक्लीनरच्या गाडीत."

"पट्टा?"

"माझे हात."

"आणि तू कशावर बसायचीस?"

मावशीने विचार केला. "नशिबावर," ती म्हणाली. भाची हसायला लागली आणि हसता हसता तिने मावशीच्या न दुखणाऱ्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्यासाठी तिला बरंच खाली सरकावं लागलं.

एकदा दणका बसलेल्या सीटा परत वापरायच्या नसतात, असं सीटच्या दुकानातल्या त्या मुलीने सांगितलं. त्यामुळे नवी गाडी आली, म्हणजे दुसऱ्याची जुनी, तेव्हा सीटाही नव्या आल्या. झिपरी मात्र त्या वर्षी वेलीसारखी वाढली. एका सकाळी भिंतीपाशी उभी राहिली तेव्हा पट्टी रेघेच्या वर गेली. तिला आनंद व्हायला हवा होता. ती बराच वेळ तिथेच घुटमळली आणि म्हणाली, "अजून आठवडाभर बसले तर चालेल ना?" पुढे तिची सीट ड्रायक्लीनरच्या नातवाकडे गेली.

मावशीला भाचीने आता तिच्या सीटसकट पुढे बसवलं. पुढच्या काचेतून रस्ता नुसता बाजूने सरकत नाही, थेट अंगावर येतो आणि अगदी जवळ येऊन दुभंगतो. सुरुवातीला मावशी घाबरून डोळे मिटायची. मग तिला त्याची गोडी लागली.

एका रविवारी दुपारी तिघी नदीकाठी फिरून परत येत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना मिळाली होती, सावली आणि ऊन, सावली आणि ऊन असं मावशीच्या चेहऱ्यावरून वाहत होतं. ती काहीतरी सांगत होती, लाल खुर्चीबद्दल, आणि सांगता सांगता तिचा आवाज विरत गेला. भाचीने बाजूला पाहिलं. मावशी झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, पट्ट्याने तिला हलकेच सरळ धरून ठेवलेलं. वळणावर मान जराशी कलायची आणि परत जागेवर यायची.

त्यांचं घर आलं. भाचीने वेग कमी केला, फाटकाकडे पाहिलं आणि गाडी तशीच पुढे काढली.

"आई, घर गेलं की!" मागून झिपरी कुजबुजली.

"जाऊ दे," भाची म्हणाली. "एक चक्कर मारू."