सडव्याचा वास

फोन नीट कानाशी धर वं बाई, अशी उंबऱ्यावर चप्पल घालून उभी राहिल्यासारखी ऐकू नको. तू बोरी अरबहून फोन केला आणि पहिलं वाक्य काय, तर "काहून वं, घरात दारूचा सडवा टाकून राह्यली म्हन्ते?" तब्येत नाही, जेवण नाही. पाठची बहीण असं विचारते का कधी? आता नीट ऐक.

तुझ्या भाऊजींना दारूनं नेलं आणि हॉलमधला ते पिऊन पडायचे तो कोपरा रिकामा झाला. खाट उचलली, फरशी फिनाईलनं पुसली, तरी तिथला वास माझ्या नाकातून जाईना. त्यातच आर्णी रोडवरचं एक हॉटेल बंद पडलं. त्यांची पलंगाएवढी काचेची टाकी भंगारात चालली होती, ती मी आणली आणि बरोबर त्या कोपऱ्यात मांडली. खाली माती, वर रेती, त्यात पाण्यातली झाडं, थोड्या मासोळ्या. ज्या कोपऱ्याकडे अर्धा जन्म पाठ करून बसले, तिकडे तोंड करून मला चहा प्यायचा होता.

पण झाडं जगेनात. पानं पिवळी, वर शेवाळ. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून कळलं की त्यांना कार्बन डायऑक्साइड द्यावा लागतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू. म्हणून घरगुती उपाय केला. बाटलीत साखर, कोमट पाणी, पावाचं यीस्ट, झाकणातून नळी, नळीचं टोक टाकीत. टाकी मोठी, एका बाटलीनं काय भागतं? टाकीशेजारी रांगच लावली. बुडबुडे आले तेव्हा मी पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

मग वास सुटला. आंबूस, गोडसर. भट्टीवर चढवायच्या आधी मोहफुलं कुजत घालतात ना, त्या सडव्याचा. मला आला, तसा मोहल्ल्यालाही आला.

आपल्या दारूबंदी मंडळाच्या बायांना शिकवलं कोणी? मीच. दारात उभं राहायचं, वास घ्यायचा, विचारत बसायचं नाही. सरळ आत जायचं आणि ओतून द्यायचं. त्या तशाच आल्या.

"अवं बायांनो, मासोळ्याइच्या झाडाले लागते ते," मी म्हणाले.

"हो का काकू? मंग झाडं झिंगत असतीन!" एक हसली.

"नवरा पेत होता तवा लय बोंबलत होती," दुसरी म्हणाली. "आता तो गेला त विकाले मोकळी."

त्यांनी बाटल्या मोरीत ओतल्या. नळ्या ओढताना दोन झाडं मुळासकट वर आली. त्या कोपऱ्यात आधी काय होतं हे त्या सगळ्यांना ठाऊक, पण जाताना एकीनंही टाकीकडे पाहिलं नाही.

मग मी हट्टाला पेटले. लोहाऱ्याच्या कारखान्यांना गॅस पुरवणाऱ्याकडून त्याच वायूचा सिलिंडर आणला, भिंतीला साखळीनं बांधला. त्याच्या तोंडावर रेग्युलेटर, बारीक चावी, मग नळी, आणि टाकीच्या तळाशी एक चकती, तिच्यातून धुक्यासारखे बुडबुडे. पहिल्यांदा चावी जास्त फिरवली, तर मासोळ्या वर येऊन तोंड वासू लागल्या. घाईनं बंद केली, पाणी ढवळत बसले. आता हात बसला. टाकीत एक काचेची कुपी लटकते. तिच्यातलं औषध निळं असलं तर गॅस कमी, पिवळं झालं तर जास्त, हिरवं म्हणजे बेताचा. टाकीचा दिवा मालवायच्या आधी गॅस बंद करते, अंधारात झाडांना तो लागत नाही.

झाडं अशी माजलीत म्हणून सांगू! पानापानावर बुडबुड्यांचे मणी. आणि वास? कशाचाच नाही. तरी मंडळाच्या बैठकीचा निरोप मला येत नाही. रस्त्यात भेटल्या की "काय काकू, मासोळ्या बऱ्या हायेत ना?" म्हणतात आणि एकमेकींकडे पाहतात.

त्या परक्या, बाई. पण भाऊजींच्या बाटल्या माझ्यासोबत तू फोडल्या होत्या. तूही त्यांचाच शब्द उचलला, तो फार टोचतो मला.

म्हणून म्हणते, ये. एसटी आहे, जीप आहे, बहाणे सांगू नको, याच आठवड्यात ये. त्या कोपऱ्याकडे तोंड करून दोघी चहा पिऊ. फक्त दारात थांबून वास घेऊ नको. सरळ आत ये.