काकांची शिफारस

नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेतलंच श्रूजबरी सोडून आम्ही दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला आलो आणि इतकी वर्षं कोर्टात उभी राहणारी मी एकदम बिनकामाची झाले. अनुभवी वकिलाला इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. वकिलीचा परवाना देणारी समिती तुमची कामाची वर्षं बघते आणि चालचलन तपासते. ते होईपर्यंत मात्र या राज्यात कोणाला कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. दिला, तर परवाना विसरा.

मला धास्ती होती ती आपल्याच माणसांची. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ताट हातात घेतलं की कोणीतरी म्हणायचंच, वकीलबाई, आमच्या विलवर जरा नजर टाका, घरचंच तर आहे. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. शिष्ट म्हणून नाव झालं, होऊ दिलं. शेजारचे नागपूरचे काका तेवढे माझी बाजू घ्यायचे, म्हणून माझ्या चालचलनाची खात्री द्यायला समितीला मी त्यांचंच नाव कळवलं.

थंडी सुरू झाली तसा समितीचा सूर बदलला. आधी लगेच उत्तरं देणारी तिथली बाई फोन उचलेना. मग शपथेवर विचारणा आली: इथे कोणाला सल्ला दिलात का? नाही, असं मी लिहून दिलं. पण हा प्रश्न यांना सुचला कुठून, ते कळेना.

रविवारी काका चिवड्याचा डबा घेऊन खुशीत आले. समितीचा फोन त्यांना केव्हाच येऊन गेला होता म्हणे; मागितलं तसं त्यांनी लेखीही दिलं होतं.

"अशी तारीफ केली ना तुझी. म्हटलं, मंडळातल्या सगळ्यांचे विल्स हिनेच करून दिले, तेही फ्री."

"काका, मी एकाचंही केलेलं नाही."

"अगं, शिफारस अशीच करायची असते."

संताप आला, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो काढताही येईना. आता आम्हा दोघांपैकी एक जण खोटं बोललं होतं, आणि कोण ते समिती मला विचारणारच होती. गप्प राहिले तर माझी वकिली बुडणार. खरं सांगितलं तर काका अडकणार, आणि त्यांचा सिटिझनशिपचा अर्ज नुकताच आत गेला होता; तिथेही चालचलन बघतात.

मी शपथेवर काय लिहून दिलं ते सांगितलं, तेव्हा हळूहळू त्यांनाही ते उमगलं. ते खुर्चीत बसले.

"मग मी आता काय करू? तू वकील आहेस ना, सांग."

उत्तर मला तोंडपाठ होतं. ते देणं म्हणजेच सल्ला होता. दुसरा वकील गाठा, एवढं म्हणणंही सल्ल्यातच धरतील या धास्तीने माझी जीभ रेटेना.